कारणाच्या रकान्यात

मिल्वॉकीतल्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
फॉर्मवर प्रश्न: घरात आणखी कुणाला?
उत्तरासाठी रेघ, जेमतेम इंचभर.

मी अर्नेटा प्रुइट, वय एकोणचाळीस,
गर्भाशयात गाठी तीन.
सगळ्यात मोठी ग्रेपफ्रूटएवढी, डॉक्टर म्हणाली.
या गाठींना नेहमी फळांचीच मापं,
जणू कुणी बाजार करून आलंय पोटात.

कशामुळे? मी विचारलं.
तिने पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
म्हणाली, एक पेशी असते. एकच.
थांब म्हटलेलं तिला ऐकू येत नाही.
मग इस्ट्रोजेन तिला खाऊ घालतं, प्रोजेस्टेरॉनही,
महिन्यामागून महिने पाहुणचार.
पण ती पहिली बहिरी का झाली,
हे नक्की कुणाला ठाऊक नाही.

नक्की नाही, म्हणजे कदाचित पुष्कळ.
कदाचित पाळी लवकर आली म्हणून:
मला दहाव्या वर्षी, शाळेच्या बसमध्ये,
पिवळा स्वेटर कमरेला बांधून उतरले होते.
कदाचित इथलं ऊन:
नोव्हेंबरात जातं ते एप्रिलमध्ये तोंड दाखवतं,
आणि माझी कातडी बेतलेली दुसऱ्याच कुठल्या उन्हाच्या हिशोबाने.
रक्तात ड जीवनसत्त्व नावापुरतं.
त्यात रात्रपाळी, बाटल्यांच्या कारखान्यात.
कदाचित वजन. कदाचित रक्तदाब.
कदाचित सुपरवायझर जे बोलतो आणि मी जे गिळते,
त्याचंही म्हणे आत काही साचतं,
अभ्यास चालू आहेत.

आणि केसांचं ते पांढरं मलम.
सात वर्षांची होते. ईस्टरच्या आदल्या शनिवारी
आईने स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं,
कानांना व्हॅसलीन फासलं, मग मलम थापलं.
जळतंय म्हटलं की म्हणायची, अजून दोन मिनिटं.
मग केस पाण्यासारखे सरळ.
तीस वर्षं, दर सहा आठवड्यांनी,
मी डोक्यावरच्या गाठी सोडवत होते.
संबंध दिसतो, सिद्ध नाही, डॉक्टर म्हणाली.
मला तो वास तिथेच नाकात आला.

रात्री आईला फोन लावला.
रेघ भरायची होती.

ओला मे प्रुइट, वय एकाहत्तर, आधी हवामान सांगते,
मग चर्चमधलं कोण वारलं,
मग गप्प.
मग म्हणाली, "व्हर्डेल मावशीचं पोट आठवतं?
लोक म्हणायचे दिवस गेलेत, आणि बाप कोण.
मूल असतं तर नऊ महिन्यांत सुटली असती गं.
तुझी आजी गाद्या उलट्या करून घालायची.
नाव नव्हतं त्याला. अंगावर जायचं, एवढंच."

"आणि तू?"

"माझी पिशवी काढली. छत्तिसाव्या वर्षी.
गाठी काढतो म्हणाले. शुद्धीवर आले तेव्हा सांगितलं,
सगळंच काढलं, सोपं पडलं.
तू चार वर्षांची होतीस."

मी एकुलती एक का, याचं कारण
मी आजवर बापावर ढकललं होतं.
तो तर नंतर गेला.

"सांगितलं का नाहीस?"
"काय सांगायचं? कारण कुठे माहीत होतं."

फॉर्मवरची रेघ केव्हाच संपली.
पान उलटलं, पाठीवर लिहिलं:
आई. व्हर्डेल मावशी. आजी, बहुधा.
अक्षर लहान लहान होत गेलं.

शेजारच्या खोलीत माझी नायला, दहा वर्षांची,
केस सरळ करून दे म्हणून महिनाभर मागे लागलेली.
हाक मारून तिला गुडघ्यांमध्ये बसवलं,
तेल लावलं, रुंद दातांची फणी घेतली,
टोकाकडून मुळाकडे, गाठ आली की थांबत.

"दुखतंय," ती म्हणाली.
अजून दोन मिनिटं, ओठांवर आलंच होतं.
हात काढला.
म्हटलं, ऐक, आपल्या घरात एक गोष्ट आहे.
"मोठी आहे का?"

ग्रेपफ्रूटएवढी, मी म्हटलं.